लहान टू-स्ट्रोक एटीव्हीच्या इंजिनाच्या तक्रारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये झाकून ठेवलेल्या आणि सुट्टीच्या दिवशी टेम्पोत घालून मुरबाड, बदलापूर, शहापूरकडच्या शेतघरावर नेल्या जाणाऱ्या छोट्या एटीव्हींसाठी (खडबडीत जागेत चालणाऱ्या चारचाकी बाइकसाठी) ही उत्तरं आहेत. आपल्याकडे दोन प्रकार जास्त दिसतात. एक ४९-५० सीसीची, दोरी ओढून सुरू होणारी, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारी मुलांची गाडी. दुसरी ७०-९० सीसीची, ऑइलची वेगळी टाकी, सेल्फ आणि बेल्टचा व्हेरिएटर (आपोआप बदलणारा गिअर) असलेली. बहुतेक गाड्यांबरोबर धड मॅन्युअल येत नाही. आरएक्स १००, चेतक, लुना उघडून हात काळे केलेले मेकॅनिक आता कमी उरलेत आणि नव्या गॅरेजमधल्या पोरांच्या हाती टू-स्ट्रोक क्वचितच येतं. म्हणून थोडं सविस्तर लिहिलं आहे.

गाडी सुरूच होत नाही. सुरुवात कुठून करू?

इंजिनाला तीन गोष्टी लागतात: वेळेवर स्पार्क, पेट्रोल-हवेचं नीट मिश्रण आणि सिलिंडरमध्ये दाब. टू-स्ट्रोकला चौथीही लागते, ती म्हणजे हवाबंद क्रँककेस, पिस्टनखालची क्रँकची पेटी. मिश्रण आधी खाली क्रँककेसमध्ये येतं, पिस्टन खाली उतरताना तिथे दाबलं जातं आणि मगच वर सिलिंडरमध्ये चढतं. फोर-स्ट्रोकची सवय असलेला माणूस नेमकी हीच गोष्ट तपासायची विसरतो.

पण त्याआधी साध्या गोष्टी बघा. हँडलवरचा लाल किल स्विच चालूवर आहे का? मागे लोंबणारी सुरक्षादोरी किंवा चुंबकाची टोपी जागेवर आहे का? पेट्रोल कॉक उघडा आहे का? सेल्फची गाडी असेल तर ब्रेक दाबून धरल्याशिवाय बटण काम करत नाही. टाकीतलं पेट्रोल कधीचं आहे, हेही आठवा.

मग प्लग काढा. खूप वेळा दोरी ओढूनही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर स्पार्क नाही किंवा पेट्रोल जास्त झालंय. कोरड्या प्लगची खात्री करायला प्लगच्या भोकातून चार-पाच थेंब मिश्रण आत सोडा, प्लग बसवा आणि दोरी ओढा. इंजिन दोन सेकंद फटफटून बंद पडलं तर स्पार्क आणि दाब ठीक आहेत. दोष टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या वाटेत आहे.

कार्बोरेटरचे स्क्रू पिळणं हे सगळ्यात शेवटचं काम. कालपर्यंत चालणारी गाडी काही स्क्रू रात्रीत आपोआप फिरल्यामुळे बंद पडत नाही. आणि एकदा ते हलवले की मूळ दोषावर दुसरा दोष चढतो.

स्पार्क तपासायची सुरक्षित पद्धत कोणती?

प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग सिलिंडरच्या बाहेरच्या धातूच्या पात्यांना (फिन) टेकवा आणि दोरी ओढा. सावलीत निळसर, टणक आवाजाचा स्पार्क दिसला पाहिजे. तांबूस, अधूनमधून येणारा स्पार्क दाबाखाली टिकत नाही. प्लग त्याच्या भोकाजवळ धरू नका, तिथून पेट्रोलचा फवारा बाहेर येतो आणि भडका उडतो. आधी भोकावर कापड ठेवा आणि प्लग लांबच्या बाजूला टेकवा. गॅप साधारण ०.६ ते ०.७ मिमी ठेवा.

स्पार्क अजिबात नाही. कॉइल बदलू का?

थांबा. आधी नवा प्लग लावून बघा. मग कॉइलकडे (स्पार्कसाठी वीज देणाऱ्या भागाकडे) किल स्विचकडून येणारी वायर काढून ठेवा. या गाड्यांत स्विच त्या वायरला अर्थिंग देऊन इंजिन बंद करतो. वायर काढल्यावर स्पार्क आला तर कॉइल चांगली आहे, दोष स्विचमध्ये किंवा घासून उघड्या पडलेल्या वायरमध्ये आहे. आपल्या दमट हवेत हे स्विच आतून हिरवे होतात. वायर काढलेल्या अवस्थेत मूल गाडीवर बसवायचं नाही, कारण मग इंजिन बंद करायला काहीच उरत नाही.

तरीही स्पार्क नसेल तर प्लगची टोपी उघडून वायरचं टोक बघा. मग मॅग्नेटचं (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकाचं) झाकण काढा. खाडीजवळच्या हवेत, विशेषतः पावसाळ्यानंतर, मॅग्नेटवर आणि कॉइलच्या पायांवर गंज चढतो. तो बारीक पॉलिश पेपरने काढा. ४९ सीसीच्या बऱ्याच इंजिनांत कॉइल बाहेरून बसवलेली असते आणि ती व मॅग्नेट यांच्यातली फट साधारण ०.३ मिमी लागते. मधे व्हिजिटिंग कार्ड धरून कॉइल टेकवा, स्क्रू आवळा, कार्ड काढून घ्या.

स्पार्क आहे, पेट्रोल आहे, तरी दोरी हाताला झटका देते किंवा कार्बोरेटरमधून फट् आवाज येतो? मग मॅग्नेटखालची छोटी चावी (मॅग्नेटला क्रँकवर जागेवर धरणारी धातूची पाचर) तुटून टायमिंग, म्हणजे स्पार्कची वेळ, सरकलेलं असू शकतं. ती चावी स्वस्त असते, मात्र तिच्यामागे लोक नाहक महागडी कॉइल बदलून बसतात.

दोरी ओढून ओढून प्लग भिजला. आता?

पेट्रोल कॉक बंद, चोक बंद, प्लग बाहेर. एक्सिलरेटर पूर्ण उघडा धरून दोरी आठ-दहा वेळा ओढा, मग कोरडा प्लग लावून बिनचोक सुरू करा. दर वेळी असंच होत असेल, किंवा रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी तुंबलेली मिळत असेल, तर कार्बोरेटरमधल्या फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) सुई नीट बसत नाही. पेट्रोल टाकीतून झिरपत सरळ क्रँककेस भरतं. अशा वेळी दोरी कडक लागली तर जोर लावू नका, आधी प्लग काढून आतलं पेट्रोल बाहेर येऊ द्या. गाडी ठेवताना कॉक बंद करायची सवय लावली की हा त्रास कमी होतो.

पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं?

ज्या गाडीबरोबर माहिती आली असेल तिचंच प्रमाण पाळा. लहान ४९ सीसी गाड्यांना बहुतेकदा २५:१ सांगितलेलं असतं, म्हणजे १ लिटर पेट्रोलला ४० मिलि ऑइल. ३२:१ म्हणजे सुमारे ३१ मिलि, ५०:१ म्हणजे २० मिलि. झाकणाने अंदाज घेऊ नका. औषधाच्या दुकानात ५० मिलिची सिरिंज मिळते, तिने मोजा.

जास्त ऑइल घातलं की इंजिन जास्त सुरक्षित, हा समज पक्का बसलेला आहे, पण तो अर्धाच खरा आहे. ऑइल वाढवलं की तेवढ्याच जेटमधून (कार्बोरेटरमधल्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून) जाणारं पेट्रोल कमी होतं, मिश्रण थोडं लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरमध्ये कार्बन बसतो. कमी ऑइलचा परिणाम मात्र जास्त वाईट: पिस्टन सिलिंडरला घासून सीज होतो, म्हणजे आत अडकतो. टू-स्ट्रोकला खाली ऑइलचा वेगळा साठा नसतो. बेअरिंग, पिस्टन, रिंग या सगळ्यांना तेल मिळतं ते पेट्रोलबरोबर येणाऱ्या ऑइलमधूनच.

ऑइल टू-टीचंच (टू-स्ट्रोकसाठीचं) हवं, डब्यावर जासो (JASO) या जपानी मानकाचा एफसी किंवा एफडी दर्जा बघा. फोर-स्ट्रोक बाइकचं इंजिन ऑइल चालत नाही. बोटीच्या आउटबोर्ड इंजिनाचं ऑइलही नको, ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असतं. आपलं इंजिन हवेवर थंड होतं आणि बरंच जास्त तापतं.

मिश्रण टाकीत बनवू नका. धातूच्या कॅनमध्ये अर्धं पेट्रोल, मग सगळं ऑइल, हलवा, मग उरलेलं पेट्रोल घालून पुन्हा हलवा. कॅनवर तारीख आणि प्रमाण लिहा. ऑइलची वेगळी टाकी असलेल्या गाडीत पंपाबद्दल शंका असेल, नळी निघाली असेल किंवा टाकी एकदा रिकामी झाली असेल, तर नळीतली हवा काढेपर्यंत पेट्रोलमध्येही ऑइल मिसळून चालवा.

ई२० पेट्रोलने या इंजिनांचं काय होतं?

हा प्रश्न आता सगळ्यात जास्त येतो आणि त्याला कारण आहे. पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याचे लहान टू-स्ट्रोकवर तीन परिणाम होतात.

पहिला, मिश्रण लीन होतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. इंजेक्शनची गाडी सेन्सरवरून हे बऱ्याच अंशी सांभाळून घेते. जुन्या पेट्रोलवर जेट ठरवलेल्या कार्बोरेटरला ते जमत नाही. प्लग पांढरट दिसू लागला आणि इंजिन पूर्वीपेक्षा जास्त तापत असेल तर मेन जेट (पूर्ण एक्सिलरेटरला पेट्रोल देणारा) एक नंबर मोठा लावणं योग्य.

दुसरा, जुन्या रबराच्या नळ्या आणि सील फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. त्यांचे कण जेटमध्ये अडकतात. इथेनॉलला चालणारी नळी घ्या आणि मधे छोटा फिल्टर बसवा.

तिसरा परिणाम टू-स्ट्रोकसाठी खरा धोकादायक आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. टू-टी ऑइल राहतं वरच्या पेट्रोलमध्ये. टाकीची नळी तळातून निघते, म्हणजे इंजिनाला आधी मिळतं ते जवळजवळ बिनतेलाचं पाणी-इथेनॉल. प्रमाण मोजून घातलेलं असूनही इंजिन सीज होतं आणि मालकाला कारण कळत नाही. शंका आली तर टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून तासभर ठेवा. दोन थर दिसले तर सगळं काढून टाका. त्यात ताजं पेट्रोल ओतून उपयोग नाही. काढलेलं पेट्रोल गटारात ओतू नका.

ठाण्यात जून ते सप्टेंबर हवा किती दमट असते ते सांगायला नको. त्या दिवसांत दोन आठवड्यांपेक्षा जुनं मिश्रण मी वापरू देत नाही. एका दिवसाला लागेल तेवढंच बनवा.

महिनोन् महिने उभी होती. आता सुरू होते, पण चोक काढला की बंद पडते.

पायलट जेट (कमी रेसला पेट्रोल देणारा) बुजलेला आहे. पेट्रोल उडून गेलं की मागे चिकट थर राहतो आणि पायलट जेटचं भोक केसाएवढं असतं. कार्बोरेटर काढा, खालची वाटी उघडा, दोन्ही जेट काढून क्लीनरने धुवा आणि हवेने फुंका. आरपार उजेड दिसला पाहिजे. तार किंवा सुई घालू नका, पितळ मऊ असतं आणि भोक कायमचं मोठं होतं. अगदीच निघत नसेल तर नायलॉनचा एक धागा चालेल. जेट मागची बारीक वाटही फुंका, नुसता जेट धुऊन काम अर्धवट राहतं.

एअर स्क्रू पूर्ण आत हलक्या हाताने बसवून दीड फेरा बाहेर काढा. तिथून सुरुवात करा आणि इंजिन गरम झाल्यावरच थोडं इकडे-तिकडे करा.

हळू चालते, पण पूर्ण एक्सिलरेटर दिला की घुटमळते.

एअर फिल्टर बघा. एप्रिल-मेमध्ये शेतघराच्या वाटेवरची लाल धूळ एका दिवसात फोम भरून टाकते. भांड्यांच्या साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, ऑइलचे थेंब चोळून पिळून बसवा. फिल्टर काढून चालवणं हा उपाय नाही. धूळ थेट पिस्टनवर जाते आणि मिश्रणही लीन होतं.

मग मेन जेट आणि पेट्रोलचा प्रवाह बघा. कार्बोरेटरची नळी काढून कॉक उघडला की सलग धार आली पाहिजे. धार थोड्या वेळाने बारीक होत असेल तर टाकीच्या झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय.

शेवटी सायलेन्सर. जुन्या गाडीत एक्झॉस्ट पोर्ट (सिलिंडरमधून धूर बाहेर जायचं भोक) आणि सायलेन्सरचं तोंड कार्बनने निम्मं होतं, मग गाडी गुदमरते. सायलेन्सर काढा, पिस्टन वर आणून पोर्ट झाकला जाईल असा ठेवा आणि लाकडी पट्टीने कार्बन खरवडा, म्हणजे कण आत पडणार नाहीत. लोखंडी सायलेन्सर कॉस्टिक सोड्याने साफ होतो, पण ॲल्युमिनियमच्या कुठल्याही भागाला तो लावू नका, खाऊन टाकतो. हातमोजे आणि चष्मा घालूनच करा.

रेस आपोआप वाढते आणि एक्सिलरेटर सोडला तरी खाली येत नाही. काय करू?

इंजिन ताबडतोब बंद करा आणि दोष सापडेपर्यंत मुलाला गाडीवर बसवू नका. या पानावरचं एवढं एक तरी जरूर लक्षात ठेवा.

आधी केबल. हँडल कुठल्याही बाजूला वळवून एक्सिलरेटर सोडला की तो टक् आवाज करून परत यायला हवा. चिखल सुकून केबल अडकते, कार्बोरेटरची स्लाइड तिरकी बसते. हे ठीक असेल तर इंजिन कुठून तरी हवा घेतंय. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधलं रबर तडकतं, त्याचे बोल्ट सैल होतात, रीड व्हॉल्व्हखालचं (मिश्रण एकाच दिशेने आत सोडणाऱ्या पातळ पट्टीच्या झडपेखालचं) पॅकिंग फाटतं, किंवा क्रँकचं ऑइल सील कडक होतं. हवा आली की मिश्रण लीन, लीन झालं की रेस वाढते, तापमान वाढतं, आणि तेलही कमीच पोचतं. बरेचसे सीज झालेले पिस्टन याच वाटेने जातात. अशा गाडीची रेस स्लो स्पीडचा स्क्रू फिरवून खाली आणली की तक्रार दिसेनाशी होते, गळती मात्र तशीच राहते.

खात्रीशीर चाचणी म्हणजे दाबाची. सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्ट, आणि कार्बोरेटर काढून इनटेक, रबराचा तुकडा आणि पट्टीने बंद करा. पिस्टन खाली असू द्या. प्लगच्या भोकातून किंवा इनटेकच्या पट्टीतल्या नळीतून सुमारे ६ पीएसआय हवा भरा. यासाठी जुन्या बीपीच्या यंत्राचा फुगा आणि मीटर छान चालतो: ३०० मिमीचा आकडा म्हणजे जवळपास तेवढाच दाब. पाच मिनिटं काटा जवळजवळ जागेवर राहिला पाहिजे. पडत असेल तर सगळ्या जोडांवर आणि मॅग्नेटमागच्या सीलवर साबणाचं पाणी लावा. जिथे बुडबुडे येतील तिथे गळती. चालू, तापलेल्या इंजिनावर पेट्रोल किंवा ज्वलनशील स्प्रे मारून गळती शोधायची पद्धत मी घरी कुणालाच सुचवत नाही.

पंधरा-वीस मिनिटं छान चालते, मग बंद. थंड झाली की पुन्हा सुरू.

बंद पडली त्याच क्षणी तपासा, थंड झाल्यावर काही सापडत नाही. टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज येऊन गाडी सुरू झाली तर झाकणाचं भोक बुजलं होतं. नाही झाली तर लगेच स्पार्क बघा. गरम असताना स्पार्क नसेल आणि थंड झाल्यावर येत असेल तर कॉइल गेली. स्पार्कही असेल तर दाब मोजा: झिजलेली रिंग गरम झाल्यावर दाब धरत नाही. सिलिंडरच्या फिनमध्ये चिखल वाळलेला असला तरी इंजिन नाहक तापतं.

निळसर धूर येतो. इंजिन खराब झालं का?

थोडा धूर टू-स्ट्रोकला येणारच, विशेषतः थंड असताना. गरम झाल्यावरही दाट राहिला तर प्रमाण, चोक आणि फिल्टर तपासा.

इंजिन ओरडतं पण गाडी पुढे जात नाही. किंवा उलट, सुरू करताच पळू लागते.

दोन्हीत बघायचा तो सेंट्रिफ्युगल क्लच, म्हणजे रेस वाढली की आपोआप पकडणारा क्लच. ओरडते पण जात नाही, तर क्लचचे शू झिजलेत, त्यांना तेल लागलंय किंवा व्हेरिएटरचा बेल्ट गेलाय. सुरू करताच पळते, तर रेस जास्त आहे किंवा क्लचची स्प्रिंग तुटली आहे. सुरू करताना मागची चाकं नेहमी उचललेली ठेवा.

इंजिन जाम झालं. दोरी हलतच नाही.

गार होऊ द्या. प्लग काढा, आत थोडं टू-टी ऑइल सोडा आणि रात्रभर ठेवा. मग सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टातून टॉर्चने पिस्टन बघा. उभे ओरखडे असतील तर ते सीज झालेलं आहे. हलकं असेल तरी तसंच चालवू नका. ओरखडे कुठल्या बाजूला आहेत ते नीट बघा: फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर जास्त तापणं किंवा लीन मिश्रण, चोहोबाजूंनी असतील तर तेलाची कमतरता असण्याची शक्यता जास्त.

इंजिन हलतं पण ताकद नसेल तर कॉम्प्रेशन गेज लावा. एक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून दोरी काटा थांबेपर्यंत ओढा. लहान इंजिनात १०० पीएसआयच्या आसपास आकडा असला पाहिजे. ९० च्या बराच खाली गेला तर रिंग-पिस्टनचा खर्च आला. वागळे इस्टेट आणि तुर्भ्याच्या एमआयडीसी पट्ट्यात बोअरिंग-होनिंगची कामं होतात, पण ४९ सीसीच्या बऱ्याच सिलिंडरांना आतून कडक मुलामा असतो, त्यांना बोअर करता येत नाही. तिथे सिलिंडर-पिस्टनचा पूर्ण सेट घेणंच स्वस्त पडतं. आणि सीज होण्याचं कारण शोधल्याशिवाय नवा सेट बसवू नका.

ओढ्यात किंवा भातखाचरात बुडाली तर?

सुरू करायचा प्रयत्न करू नका. प्लग काढा, गाडी तिरकी करून पाणी बाहेर काढा, दोरी हळू ओढत राहा. टाकी, कार्बोरेटर, फिल्टर रिकामे करून वाळवा. मग प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून, ताज्या मिश्रणावर त्याच दिवशी सुरू करून गरम होऊ द्या. दुसऱ्या दिवसावर ढकललं तर क्रँकच्या बेअरिंगला गंज धरतो.

सोसायटीबाहेरच्या रस्त्यावर किंवा येऊरला चालवता येईल का?

नाही. नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद आहे. येऊरचा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो. खासगी, कुंपणाच्या जागेतच चालवा, हेल्मेटसह.

पावसाळ्याचे चार महिने गाडी ठेवायची आहे. काय करू?

मेअखेरीस टाकी पूर्ण रिकामी करा, कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू उघडून तीही. उरलेलं जळेपर्यंत इंजिन रिकामं चालवत ठेवायची पद्धत मला पटत नाही, शेवटच्या क्षणी मिश्रण लीन होतं. प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल सोडा, दोरी दोन-तीन वेळा हळू ओढा, प्लग परत लावा. दोरी जिथे कडक लागते तिथे थांबवा, म्हणजे पोर्ट बंद राहतात आणि दमट हवा आत कमी जाते. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घाला आणि हँडलला तशी चिठ्ठी बांधा. प्लास्टिकने घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. सुती चादर बरी. दर महिन्याला एकदा दोरी हळूच ओढून पुन्हा तिथेच थांबवा, आणि बॅटरी असेल तर ती काढून घरात आणून चार्ज करा.